ऋतूंची विस्मृती आणि बडोद्याची टिपणे

बडोद्याच्या जुन्या शहरात पश्चिमेकडील लहरीपुरा दरवाजातून आत शिरावे आणि सरळ पूर्वेची वाट धरावी, म्हणजे थोड्याच वेळात आपण मांडवीखाली येऊन उभे राहतो. प्रत्येक बाजूस तीन तीन कमानी असलेली ही चौकोनी वास्तू जुन्या शहराच्या मध्यभागी आहे. उत्तरेचा चांपानेर दरवाजा, दक्षिणेचा गेंडी दरवाजा, पूर्वेचा पाणी दरवाजा आणि पश्चिमेचा लहरीपुरा या चारही दरवाजांचे रस्ते येथे एकमेकांस मिळतात. 'मांडवी' हा शब्द आपल्याकडे जकातीच्या जागेसाठी रूढ आहे. जकातीच्या जागी आल्यागेल्या मालाची नोंद होते आणि नोंद झाल्यावाचून काही पुढे सरकत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मालाच्या नोंदीचा नसून मनाच्या नोंदीचा आहे. तथापि तो आम्हांस सुचला तो याच कमानींखाली.

आषाढातील एका दुपारी आम्ही मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे निघालो होतो. पावसाची सर जोराची आली म्हणून कमानीखाली थांबलो, आणि कोणता ग्रंथ पाहावयास निघालो होतो हेच आठवेना. चिठ्ठी खिशात होती, म्हणून निभावले. सोबत एक वृद्ध शिक्षक होते. ते हसून म्हणाले, "आषाढ लागला की माझेही असेच होते. वर्गात मुलांची नावे ओठांवर येऊन अडतात. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, आणि दुसऱ्यांदा वाचूनही हाती काही लागत नाही. मन कशात रमत नाही. आळस, दुसरे काय!"

हे शेवटचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. ठराविक ऋतूत मन खिन्न व्हावे, चित्त एकाग्र न व्हावे, स्मरण दगा देऊ लागावे आणि ऋतू पालटला की सारे पूर्ववत व्हावे, या अवस्थेला आळस हेच नाव योग्य आहे काय? आणि या अवस्थेला काही इतिहास आहे काय? या दोन प्रश्नांचा विचार बडोद्याच्याच एका सर्वश्रुत उदाहरणाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे वळू. ऋतूचा आणि देहाचा संबंध आपल्या वैद्यकाने फार प्राचीन काळी ओळखला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येचा अध्याय या दोहोंचा विषय हाच आहे. ग्रीष्मात वाताचा संचय होतो, वर्षाऋतूत त्याचा प्रकोप होतो आणि शरदात तो शमतो. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, म्हणून आहारविहार बदलावा, हे त्या विवेचनाचे सार आहे. दुसरीकडे, चरकाच्याच शारीरस्थानात धी, धृती आणि स्मृती या तिहींच्या भ्रंशातून घडणाऱ्या अयोग्य कर्मास 'प्रज्ञापराध' अशी संज्ञा दिली आहे. बुद्धीने नीट जाणणे, मनाला आवरून धरणे आणि जाणलेले वेळेवर आठवणे या तीन शक्ती निरनिराळ्या आहेत आणि त्यांतील प्रत्येक शक्ती स्वतंत्रपणे ढळू शकते, हा भेद आजच्या मानसशास्त्रासही मान्य होण्याजोगा आहे. ऋतूचा विचार आणि स्मृतीचा विचार हे दोन धागे ग्रंथकाराने एकत्र गुंफले आहेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते एकाच ग्रंथात नांदत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वैद्यकाच्या या विचाराशेजारी दुसरा एक विचार आपल्याकडे प्रबळ झाला, तो नीतीचा. गीतेच्या चौदाव्या अध्यायात प्रमाद, आलस्य आणि निद्रा ही तमोगुणाची बंधने सांगितली आहेत. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तमोगुणाच्या लक्षणांना स्वतंत्र समासच दिला. साधकाला सावध करणे हा या ग्रंथांचा हेतू होता आणि त्या हेतूविषयी कोणाचाही वाद नाही. पण शास्त्रातली संज्ञा घरात शिरली की तिचा अर्थ पालटतो. वैद्याने ज्याला ऋतूचा परिणाम म्हटले असते, त्याला घरातील वडीलधाऱ्यांनी आणि शाळेतील गुरुजींनी स्वभावाचा दोष म्हटले. विसरणारा मुलगा 'वेंधळा' ठरला, खिडकीबाहेर पाहत बसणारा 'मठ्ठ' ठरला, आणि घरची सून कामात चुकू लागली तर ती 'आळशी' ठरली. येथे एक मौजेची विसंगती आहे. आषाढ शुद्ध एकादशीस आपण देवाला निजवितो आणि कार्तिक शुद्ध एकादशीस जागे करितो. बडोद्यात विठ्ठलनाथांचा वरघोडा निघतो तो या जागृतीच्या एकादशीस. पावसाळ्याचे चार महिने देवाने झोप घेतली तर तो उत्सव होतो. माणसाचे चित्त त्याच महिन्यांत पेंगुळले तर मात्र तो अपराध होतो.

आता बडोद्याच्या उदाहरणाकडे येऊ. ते उदाहरण स्वतः सयाजीराव महाराजांचे आहे. ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेला गोपाळराव नावाचा मुलगा २७ मे १८७५ रोजी दत्तक विधानाने बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा त्याचे अक्षरशिक्षण जवळजवळ व्हावयाचेच होते. पुढील सहा वर्षांत, इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली, त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा आणि राज्यकारभारास लागणारे सारे विषय शिकावे लागले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याधिकार हाती आले. महाराज प्रत्येक कागद स्वतः बारकाईने पाहत. १८८५ साली प्रथम पत्नी चिमणाबाई यांचा मृत्यू झाला. त्यानंतर दोनच वर्षांत महाराजांची प्रकृती इतकी खालावली की वैद्यांनी हवापालटाचा आग्रह धरला. निद्रानाश आणि मज्जातंतूंचा थकवा ही त्या दुखण्याची नावे चरित्रग्रंथांतून पुन्हा पुन्हा येतात. १८८७ च्या मे महिन्याच्या अखेरीस महाराज प्रथमच युरोपास निघाले. तेथून पुढे आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९३९ सालापर्यंत, निद्रानाश, संधिवाताचे दुखणे आणि हवापालट हा क्रम त्यांना सुटला नाही. बडोद्याचा उन्हाळा त्यांना मानवत नसे. निलगिरी, महाबळेश्वर, १९०३ साली काश्मीर, आणि वारंवार युरोप अशी त्यांची स्थलांतरे होत राहिली.

ज्याला रात्री झोप नाही त्याचे चित्त दिवसा कागदावर स्थिर राहत नाही, हे सांगावयास वैद्य नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत या अवस्थेस मज्जादौर्बल्य असे नाव होते. अमेरिकन वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ साली ते रूढ केले. थकवा, अनिद्रा, एकाग्रतेचा अभाव आणि विस्मरण ही त्याची लक्षणे मानली जात, आणि बुद्धीचे काम करणाऱ्यांना ते जडते अशी समजूत होती. हवापालट आणि विश्रांती हाच त्यावर सर्वमान्य उपाय होता. महाराजांच्या वैद्यांनी सांगितलेला उपाय हाच होता.

पण या दुखण्यावर सर्वांचा विश्वास बसला नाही, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा आहे. ज्वर मोजता येतो, जखम दिसते. झोप न येणे आणि मन न लागणे ही दुखणी दुसऱ्याला दाखविता येत नाहीत. १९०० साल हे गुजरातेतील भीषण दुष्काळाचे साल. दुष्काळग्रस्त प्रांतांतून महाराज स्वतः फिरले आणि त्या दौऱ्याची टिपणे १९०१ साली त्यांनी प्रसिद्ध केली. परंतु १९०० च्याच उन्हाळ्यात, महाराणींच्या आजारपणामुळे, ते युरोपास गेले. त्याच वर्षी लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने संस्थानिकांच्या परदेशगमनावर बंधने घालणारे परिपत्रक काढले. ते मुख्यतः गायकवाडांना उद्देशून आहे, असाच समज त्या वेळी झाला. राज्यकर्त्याने राज्यात राहावे, हे परिपत्रकाचे म्हणणे वरवर न्याय्यच होते. पण त्यामागे हेही गृहीत होते की प्रकृतीचे कारण म्हणजे पुष्कळदा सबब. आमच्या वृद्ध मित्राने स्वतःला 'आळशी' म्हटले आणि साम्राज्य सरकारने एका राजाला कर्तव्यपराङ्मुख ठरविले. दोन्ही निर्णयांची जात एकच आहे. न दिसणाऱ्या दुखण्याचा निवाडा दोन्ही ठिकाणी नीतीच्या न्यायासनापुढे झाला.

महाराजांचे दुखणे केवळ ऋतूचे होते, असे मात्र कोणी समजू नये. पत्नीवियोग, पुढे १९०८ साली युवराज फत्तेसिंहरावांचा, १९१९ साली शिवाजीरावांचा आणि १९२३ साली जयसिंहरावांचा मृत्यू, इंग्रज सरकारशी चाललेला सततचा ताण, अतिश्रम, संधिवात, या साऱ्यांचा वाटा त्यात होता. मृताच्या नाडीवर बोट ठेवून निदान करणे हा इतिहासकाराचा अधिकारही नव्हे. आमचा मुद्दा निराळा आहे. एकेक प्रवास सुटा पाहिला तर तो राजाचा छंद वाटतो. पन्नास वर्षांच्या नोंदी एकापुढे एक मांडल्या की त्यांत उन्हाळ्याचा आणि निद्रानाशाचा एक माग दिसू लागतो. समकालीनांच्या हाती सुटे प्रसंग होते, संपूर्ण मालिका नव्हती.

ऋतूपरत्वे येणाऱ्या खिन्नतेचे ज्ञान जगात इतरत्र कसे वाढले, हे येथे थोडक्यात पाहिले पाहिजे. फ्रेंच वैद्य एस्किरोल यांच्याकडे दर हिवाळ्यात खिन्न होणारा बेल्जममधील एक रुग्ण आला, तेव्हा त्यांनी त्याला थंडी पडण्यापूर्वीच इटलीस जाण्याचा सल्ला दिला. १८९८ साली 'बेल्जिका' हे जहाज दक्षिण ध्रुवाकडील बर्फात अडकले. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य मावळला, तो सुमारे सत्तर दिवस उगवलाच नाही. त्या दीर्घ रात्रीत खलाशी उदास झाले, त्यांची कामे चुकू लागली, मन कशावरही ठरेना. जहाजावरील वैद्य फ्रेडरिक कुक यांनी त्यांना धगधगत्या शेगडीसमोर उघड्या अंगाने उभे करण्याचा उपाय योजिला आणि काहींना त्याने बरे वाटले. पुढे ध्रुवसंशोधक म्हणून कीर्ती पावलेले आमुंडसेन त्याच जहाजावर होते.

या विखुरलेल्या अनुभवांना शास्त्रीय नाव मिळाले ते १९८४ साली. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत येऊन उत्तरेकडील हिवाळ्याचा अनुभव घेतलेले नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी हिवाळी नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अतिनिद्रा, गोडाची आणि पिठूळ पदार्थांची हाव, जडपणा, एकाग्रतेचा ऱ्हास ही त्याची लक्षणे. सकाळी प्रखर प्रकाशासमोर बसणे हा त्यावरील एक उपाय. १९८७ साली त्याच संस्थेतील थॉमस वेअर आणि सहकाऱ्यांनी उलट जातीचे, उन्हाळ्यात येणारे नैराश्य वर्णिले. त्यात झोप आणि भूक दोन्ही उडतात आणि मन अस्वस्थ होते. हे वर्णन वाचताना बडोद्याच्या उन्हाळ्यात झोप हरवलेल्या राजाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आठवणीपलीकडे जाऊन त्यास निदान म्हणण्याचे कारण नाही. शास्त्रात मतभेदही आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील हजारो लोकांच्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासास नैराश्याचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलताना आढळले नाही. सर्वसामान्य लोकसंख्येत हा आजार वाटतो तितका सार्वत्रिक नसावा, एवढा धडा त्यातून घ्यावा. ज्याला तो दरवर्षी भोगावा लागतो त्याचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही.

आपल्या देशास हे वर्णन जसेच्या तसे लागू करणेही चूक होईल. लंडनमध्ये वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा आणि सर्वांत लहान आठ तासांहूनही कमी असतो. दोहोंत जवळजवळ नऊ तासांचे अंतर पडते. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. तेथे हेच अंतर पावणेतीन तासांच्या आसपास भरते. तेव्हा आपला हिवाळा हा काळोखाचा ऋतू नव्हे. आपल्याकडे काळोख येतो तो आषाढ-श्रावणात, भर दिवसा, ढगांच्या रूपाने. आणि झोप उडविणारा ताप येतो तो वैशाख-ज्येष्ठात. एकामागून एक येणाऱ्या या दोन ऋतूंच्या सांध्यावरच आपली शाळा उघडते. जून महिन्यात नवी पुस्तके, नवा वर्ग आणि नवे शिक्षक मुलाच्या पुढ्यात येतात, तेव्हा उन्हाळ्याचा थकवा संपलेला नसतो आणि पावसाळ्याचा काळोख सुरू झालेला असतो.

आता विस्मरणाविषयी. खिन्न अवस्थेत माणूस 'विसरतो' असे आपण म्हणतो. पण बहुधा तो विसरत नाही, तर मुळात त्याची नोंदच होत नाही. मन स्वतःच्या जडपणात गुंतलेले असते, म्हणून समोरच्याने सांगितलेले कानापर्यंत येते आणि तेथेच थांबते. जकातीच्या जागेची उपमा द्यावयाची तर माल वेशीतून गेला, पण वहीत चढला नाही. मग पुढे वही चाळून काय उपयोग? ऋतू पालटला, मन मोकळे झाले की नोंदणी पुन्हा सुरू होते. वार्धक्यातील स्मृतिनाशापासून ही अवस्था वेगळी ओळखता येते ती याच खुणेवरून. जे विस्मरण ऋतूबरोबर ओसरत नाही, वाढतच जाते, त्याची तपासणी वैद्याकडून झाली पाहिजे. कंठस्थ ग्रंथीचा विकार, रक्तक्षय, जीवनसत्त्वांची उणीव अशी कितीतरी कारणे त्यामागे असू शकतात. आणि नैराश्य ऋतूचे असो वा नसो, ते गाढ झाले तर त्यावरही उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

परंतु या आजारातील सर्वांत मोठे विस्मरण आणखी निराळे आहे. मुलांची नावे किंवा ग्रंथाचे नाव विसरणे ही लहान गोष्ट होय. खिन्न मनुष्य विसरतो ते हे की गतवर्षी याच महिन्यात आपली अशीच अवस्था झाली होती आणि ती गेली होती. प्रत्येक वेळी त्याला वाटते की आपण कायमचे निकामी झालो. ऋतू फिरून येतो, पण त्याचे फिरून येणेच स्मरणात राहत नाही. अमेरिकेतील ज्या संशोधनाचा उल्लेख वर आला त्याच्या आरंभी एक अभियंता होता. अनेक वर्षे तो आपल्या मनाच्या चढउतारांची टिपणे वहीत लिहून ठेवीत असे. ती टिपणे घेऊन तो संशोधकांकडे गेला, आणि प्रकाशाच्या उपचाराचा पहिला प्रयोग त्याच्यावर झाला. जे त्याच्या मनाला एकाच वेळी आठवले नसते ते त्याच्या वहीने दाखविले. विस्मृतीवर पहिला उपाय प्रकाशाचा झाला असे म्हणतात. आमच्या मते त्याच्याही आधीचा उपाय टिपणाचा होता.

टिपणाच्या या उपायाची बडोद्यास जुनी ओळख आहे. सयाजीराव महाराजांचे वाचन अफाट होते आणि ते लेखणी हाती धरूनच चाले. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास वाचताना केलेली टिपणे १८९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांनी ग्रंथ वाचून दाखविण्यासाठी 'रीडर' नेमले. १८८९ साली अशा कामावर गोविंद सखाराम सरदेसाई नावाचा तरुण रुजू झाला. महाराजांसाठी वाचावे, सार काढावे, राजपुत्रांना शिकवावे, मॅकियाव्हेली आणि सीली यांचे ग्रंथ मराठीत आणावेत, हे त्याचे काम. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी जमविलेल्या टिपणांचा संग्रह वाढत गेला आणि त्यातून १८९८ साली 'मुसलमानी रियासत' व १९०२ पासून 'मराठी रियासत' ही ग्रंथमाला निर्माण झाली. महाराष्ट्राने आपल्या गतकाळाची जी सलग स्मृती प्रथमच हाती धरली ती या टिपणांच्या वह्यांतून आली. राजाच्या निद्रानाशाने रियासत लिहविली, असा कार्यकारणभाव आम्ही सांगत नाही. पण स्मरण डोक्यात न ठेवता कागदावर ठेवावे, ते एकट्याचे न राहू देता दुसऱ्याच्या हाती द्यावे, ही त्या दरबाराची शिस्त होती, आणि रियासतकार त्या शिस्तीत वाढले.

हीच दृष्टी पुढे ग्रंथालयांच्या योजनेत दिसते. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डेन या ग्रंथपालास पाचारण केले. राजवाड्यातील खासगी संग्रहाचे सुमारे वीस हजार ग्रंथ सार्वजनिक झाले आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. खेड्यापाड्यांना पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक १९१२ साली निघाले. त्याच वर्षी देशी भाषांतील ग्रंथांसाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी काढून ठेवला. मांडवीजवळ ग्रंथालयाची जी इमारत १९३१ साली झाली, तिच्या ग्रंथभांडारात पोलादी फडताळे आहेत आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या आहेत. वरच्या मजल्याचा प्रकाश खालच्या मजल्यावर झिरपावा हा त्यातील हेतू. आषाढाच्या अंधाऱ्या दुपारीही पायाखालच्या काचेतून मंद उजेड येत असतो आणि पुस्तकांच्या पाठीवरची नावे वाचता येतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे अवश्य आहे. हवापालट हा उपाय राजालाच परवडणारा होता. महाराज मे महिन्यात युरोपास जात तेव्हा मांडवीच्या आसपासच्या गल्ल्यांतील कारकून, सोनार, शिक्षक आणि त्यांच्या घरांतील स्त्रिया यांना तोच मे महिना तेथेच काढावा लागे. त्यांचाही निद्रानाश झाला असेल, त्यांचीही कामे चुकली असतील. पण त्यांच्या दुखण्याची नोंद कोणत्याही चरित्रग्रंथात झाली नाही. राजाच्या विस्मरणाला वैद्य होते आणि त्यांच्या विस्मरणाला दंड होता. म्हणून आम्हांस असे वाटते की बडोद्याच्या राजाने प्रजेला दिलेला खरा हवापालट म्हणजे ग्रंथालय आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण. हे शिक्षण १८९३ साली अमरेली भागात प्रयोगादाखल आणि १९०६ साली सर्व राज्यात सुरू झाले. ज्याला लिहिता येते त्याला आपल्या मनाची वही ठेवता येते. निरक्षराला आपल्याच गतवर्षाची साक्ष काढता येत नाही.

आपल्या घरांतही या ऋतूसाठी काही साधने होतीच. आषाढ अमावास्येस घरातील सारे दिवे घासूनपुसून, पाटावर मांडून त्यांची पूजा करितात. पावसाळी काळोख ऐन भरात असतानाच दिव्याची आठवण करून देणारा हा दिवस आहे. चातुर्मासात नेमाने पोथी वाचण्याची चाल आहे: रोज थोडेच, पण ठरलेल्या वेळी, मोठ्याने आणि चारजणांत. ज्याचे चित्त एकाग्र होत नाही त्याला लांब वाचन झेपत नाही; ठरलेले लहान वाचन झेपते, आणि मोठ्याने वाचल्याने मनाला पळवाटा कमी मिळतात. या चाली मानसोपचार म्हणून निर्माण झाल्या असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या रचणाऱ्यांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता, एवढे खास.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण शिक्षक आहेत, म्हणून शेवटचे दोन शब्द त्यांच्यासाठी. जून-जुलैमध्ये एखादा मुलगा पाठ विसरू लागला, पाहता पाहता त्याची नजर पुस्तकावरून सुटू लागली, तर 'मठ्ठ' हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या जून-जुलैतील त्याची प्रगती एकवार पाहावी. शाळेच्या कपाटात ती नोंद असतेच. तिच्याकडे गुणांच्या बेरजेखेरीज अन्य दृष्टीने आपण कधी पाहत नाही. तीच अवस्था मागेही आली असेल आणि दिवाळीनंतर निवळली असेल, तर ती मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना सांगावी. 'हे पूर्वीही आले होते आणि गेले होते' या एका वाक्यात पुष्कळ औषध आहे. अशा मुलाला खिडकीजवळ बसवावे, पाठ लहान करावा, तोंडी सूचनेऐवजी फळ्यावर लिहून द्यावे. आणि खिन्नता गाढ दिसली तर वैद्याचा मार्ग दाखविण्यास संकोच करू नये. यांतील कशालाही मोठा खर्च लागत नाही. आणि हाच न्याय शिक्षकाने स्वतःलाही लावावा, कारण मुलांची नावे विसरणारे आमचे मित्र चाळीस वर्षे मन लावून शिकवीत आले होते. त्यांना आळशी म्हणणारा मनुष्य त्यांच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता.

त्या दुपारी पाऊस थांबल्यावर आम्ही दोघे ग्रंथालयात गेलो. खिशातील चिठ्ठीवरचा ग्रंथ मिळाला. परत निघताना त्यांनी आमच्याकडे कोरा कागद मागितला, मांडवीच्या कमानीखाली उभे राहून त्यावर तिथी घातली आणि खाली लिहिले: 'आषाढ. मन लागत नाही. नावे आठवत नाहीत.' मग थोडे थांबून आणखी एक ओळ लिहिली: 'कार्तिकात हा कागद पुन्हा पाहणे.' कागदाची घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला आणि पाणी दरवाजाच्या रस्त्याने ते घराकडे वळले.